आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर: रहस्यकथेतील मोह आणि व्यवहार

१

रहस्यकथा आणि हेरकथा यांचा विचार करताना समीक्षा बहुधा कथानकाची गुंफण, गुन्हेगाराचा शोध, नायकाचे व्यक्तिमत्त्व आणि निवेदनपद्धती या घटकांपाशी थांबते. कथेत वावरणाऱ्या वस्तूंकडे, आणि त्यांतही शस्त्राकडे, तिचे लक्ष क्वचितच जाते. शस्त्र म्हणजे रंगमंचावरील सामान. प्रयोगापुरते आणावयाचे आणि पडदा पडल्यावर विंगेत ठेवून द्यावयाचे, अशी एक समजूत त्यामागे असते. परंतु या वाङ्मयप्रकारात शस्त्राचे स्थान इतके गौण नाही. वाचकाच्या मनातील कोणत्या इच्छेला लेखक आवाहन करीत आहे, आणि त्या इच्छेची किंमत तो वाचकासमोर मांडतो की लपवतो, हे शस्त्राच्या चित्रणातून फार स्पष्टपणे दिसते. आखूड नळीचे आणि मोठ्या गोळीचे रिव्हॉल्व्हर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

या वस्तूचा थोडा परिचय येथे आवश्यक आहे. रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्यातील काडतुसे एका फिरत्या कोठारात असतात असे हातातले शस्त्र. त्याची नळी लांब असेल तर नेम साधणे सोपे जाते. पण असे शस्त्र कमरेला उघडपणे लटकवावे लागते. नळी दोन-अडीच इंचांवर आणली की तेच शस्त्र कोटाच्या खिशात मावते. लंडन आणि बर्मिंगहॅम येथे व्यवसाय करणाऱ्या वेब्ली या शस्त्रनिर्मात्यांनी १८७०च्या दशकाच्या आरंभी ‘ब्रिटिश बुलडॉग’ या नावाने जे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले, ते या जातीचा आद्य नमुना मानता येईल. अडीच इंचांची नळी, पाच काडतुसे आणि .४४२ किंवा .४५० इंच, म्हणजे सव्वाअकरा मिलिमीटरांच्या आसपास व्यासाची जाड गोळी असे त्याचे स्वरूप होते. बेल्जियम, स्पेन, फ्रान्स आणि अमेरिका येथे त्याच्या असंख्य नकला निघाल्या. बुटका, रुंद जबड्याचा, चावला की न सोडणारा कुत्रा, ही प्रतिमा त्याच्या नावातच होती. म्हणजे या वस्तूचे वाङ्मय तिच्या विक्रीपासूनच सुरू झाले होते.

आता तिच्यातील विरोध पाहावा. जे गुण तिला आकर्षक करतात तेच तिला वापरण्यास कठीण करतात. नळी आखूड म्हणून ती लपते. पण त्यामुळेच पुढच्या आणि मागच्या माशीतील अंतर कमी होते, आणि हाताची किंचित थरथरही नेम चुकवते. गोळी मोठी म्हणून आघात मोठा. पण शस्त्र हलके असल्याने त्याचा धक्काही चालवणाऱ्याच्या मनगटावर तेवढाच मोठा बसतो. आखूड नळीत दारू पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते, त्यामुळे वेग घटतो आणि तोंडाशी डोळे दिपविणारी ज्वाळा व कानठळ्या बसविणारा आवाज मात्र वाढतो. काडतुसे जाड असल्यामुळे कोठारात सहाऐवजी पाचच मावतात. थोडक्यात, हे शस्त्र खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतच्या अंतरावरचे आहे, आणि तेथेही ते सरावलेल्या हातालाच वश होते. नवख्याला ते जितका दिलासा देते तितके साहाय्य देत नाही.

दिलासा आणि साहाय्य यांतील हे अंतर रहस्यकथेचा लेखक कसे हाताळतो, यावर त्याच्या लेखनाचा कस लागतो.

२

चेखॉव्हने नाटककारांना दिलेला सल्ला सुपरिचित आहे: भरलेली बंदूक रंगमंचावर दाखवली असेल तर ती पुढे केव्हातरी उडालीच पाहिजे. हा सल्ला सर्वांना दिसणाऱ्या शस्त्राविषयी आहे. ते प्रेक्षकांना दिसते आणि पात्रांनाही दिसते. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच उरतो. खिशातील रिव्हॉल्व्हरचा न्याय वेगळा आहे. ते वाचकाला ठाऊक असते, समोरच्या पात्राला ठाऊक नसते. त्याचे नाट्य स्फोटात नसून गोपनात आहे. म्हणूनच चेखॉव्हचा नियम त्याला लागू पडत नाही. ते शेवटपर्यंत न उडताही आपले काम करून जाऊ शकते.

आर्थर कॉनन डॉयलने हे फार लवकर ओळखले होते. ‘द स्पेकल्ड बँड’ (१८९२) या कथेत डॉ. रॉयलट हा धिप्पाड आणि संतापी गृहस्थ होम्सच्या खोलीत येऊन लोखंडी सळई हातांनी वाकवतो. तो गेल्यावर होम्स ती सळई पुन्हा सरळ करतो, आणि पुढे वॉटसनला रिव्हॉल्व्हर खिशात टाकण्यास सांगतो. अशा माणसाशी बोलताना हा युक्तिवाद उत्तम, अशा आशयाचे त्याचे वाक्य प्रसिद्ध आहे. वाचकाची अपेक्षा अर्थातच गोळी सुटण्याची असते. प्रत्यक्षात ते रिव्हॉल्व्हर कथेत एकदाही उडत नाही. अंधाऱ्या खोलीत जे घडते त्यात होम्सच्या हातात असते ती वेताची छडी, आणि रॉयलटचा अंत होतो तो त्यानेच पाळलेल्या सापाच्या दंशाने. रिव्हॉल्व्हरने भीतीचे माप दाखवले आणि ते बाजूला झाले. शस्त्राचा इतका संयमित वापर करणारे लेखक या प्रकारात मोजकेच आढळतात.

त्या खिशाविषयीही थोडे बोलावयास हवे. वॉटसन हा लष्करी डॉक्टर. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये (१८८७) तो आपल्या जुन्या सैनिकी रिव्हॉल्व्हरचा उल्लेख करतो. असे सैनिकी शस्त्र लांब नळीचे असावयाचे, आणि ते कोटाच्या खिशात सहज मावत नाही. शिवाय वर उल्लेखिलेल्या कथेत होम्स रिव्हॉल्व्हरचे म्हणून जे नाव घेतो ते वस्तुतः काडतुसे बनविणाऱ्या कंपनीचे आहे. यावरून वॉटसनपाशी एखादे आखूड नळीचे वेब्ली असावे, असे तर्क होम्सच्या अभ्यासकांनी लढवले. तर्क खरा असो वा नसो, डॉयलला शस्त्राच्या नावाशी कर्तव्य नव्हते, खिशाशी होते, हा त्यातून निघणारा वाङ्मयीन निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये (१९०२) इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला शस्त्र आणले आहे काय असे विचारले असता तो रिव्हॉल्व्हरचे नावही घेत नाही, आपल्या पाटलोणीला मागचा खिसा आहे आणि तो कधी रिकामा नसतो, एवढेच सुचवतो. शस्त्राचे आकर्षण कशात असते हे डॉयलने या एका उत्तरात सांगून टाकले आहे.

याच कादंबरीत शस्त्राचा व्यवहारही येतो. धुक्यातून उडी घेणाऱ्या त्या श्वापदाला होम्स ठार करतो ते सर हेन्रीच्या अंगावर ते पडले असताना, अगदी जवळ जाऊन, पाच गोळ्या एकामागून एक झाडून. तेथे नेमबाजीचा चमत्कार नाही. धाव आहे, उशीर झाल्याची भीती आहे, आणि हाताच्या अंतरावरून केलेला मारा आहे. या उलट ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’मध्ये (१८९३) होम्स आरामखुर्चीत बसून भिंतीवर गोळ्यांनी राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे कोरतो. बंद खोलीत अशा शंभर काडतुसांनी जो धूर आणि आवाज होईल, गिलाव्याची जी दुर्दशा होईल, तिचा विचार केला तर ही गोष्ट थट्टेत जमा करावी लागते, आणि डॉयलनेही ती वॉटसनच्या गृहस्थी तक्रारीच्या सुरातच सांगितली आहे. शस्त्र खेळणे होते तेव्हा ते विनोदाच्या वाटेने जाते आणि कामाला येते तेव्हा गंभीर होते, हा विवेक त्याच्यापाशी होता.

३

अमेरिकेत १९२०च्या दशकात या शस्त्राला नवे रूप मिळाले. कोल्ट कंपनीत काम करणाऱ्या जॉन हेन्री फिट्झगेराल्ड या नेमबाजाने मोठमोठ्या रिव्हॉल्व्हरांच्या नळ्या कापून आखूड केल्या, घोड्याचे टोक कपड्यात अडकू नये म्हणून उडवले, आणि बोट त्वरेने चापावर जावे म्हणून चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागही काढून टाकला. .४५ कॅलिबरच्या भारी रिव्हॉल्व्हरांवरही त्याने हा प्रयोग केला. पुढे १९२७मध्ये कोल्टने दोन इंची नळीचे, .३८ कॅलिबरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर रीतसर बाजारात आणले आणि त्याला ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ असे नाव दिले. .३८ची गोळी बुलडॉगच्या गोळीहून लहान. पण खिशात मावणाऱ्या शस्त्रांत ती मोठीच गणली जाई. डिटेक्टिव्ह हा शब्द तोवर वाङ्मयाने इतका रुळविला होता की शस्त्राला तो भूषण म्हणून लावता येत होता.

याच काळात डॅशिएल हॅमेटने अमेरिकी रहस्यकथेला रस्त्यावर आणले. त्याच्या ‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९३०) या कादंबरीचा नायक सॅम स्पेड शस्त्र बाळगीत नाही. पोलीस विचारतात तेव्हा आपल्याला बंदुका फारशा आवडत नाहीत, असे तो सांगून टाकतो. मात्र आपल्या भागीदाराला ज्या शस्त्राने मारले गेले ते तो पाहताक्षणी ओळखतो: वेब्ली-फॉस्बरी, .३८, आठ गोळ्यांचे. हा तपशील अचूक आहे; त्या विरळ शस्त्राच्या .३८च्या आवृत्तीत खरोखरच आठ काडतुसे बसत. १९४१च्या चित्रपटात हम्फ्री बोगार्टच्या तोंडी कॅलिबर बदलून .४५ आले आणि गोळ्या मात्र आठच राहिल्या. मोठ्या कॅलिबरच्या त्या शस्त्रात सहाच बसत. चूक किरकोळ आहे, पण तिचा रोख पाहण्यासारखा आहे. कादंबरीतून पडद्यावर जाताना गोळी मोठी झाली, कारण मोठा आकडा कानाला अधिक भरीव वाटतो. हॅमेटच्या स्पेडला शस्त्राचे ज्ञान होते आणि मोह नव्हता. चित्रपटातील वाक्याला मोह होता, ज्ञान नव्हते.

रेमंड चँडलरने ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ (१९४४) या निबंधात हॅमेटचा गौरव केला तो याच मुद्द्यावर. दुर्मिळ विषे आणि नक्षीदार पिस्तुले यांच्या साहाय्याने घडणारा शोभेचा खून हॅमेटने मोडीत काढला, आणि खून ज्यांना कारणासाठी करावा लागतो व हाताशी असेल त्या साधनाने करावा लागतो त्यांच्याकडे तो परत दिला, असे त्याचे प्रतिपादन होते. तथापि, कथा अडली की हातात पिस्तूल घेतलेला माणूस दारातून आत आणावा, ही सोय या संप्रदायाच्या कशी अंगवळणी पडली होती, हेही चँडलरनेच पुढे मिस्किलपणे नोंदवले. नव्या वास्तववादाने नक्षीदार पिस्तूल घालवले आणि त्या जागी आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर आणले. काही काळाने तेही तितकेच नक्षीदार झाले. फेल्ट हॅट, रेनकोट आणि खिशातील फुगवटा हा वेश ठरून गेला, आणि वेश ठरला की वास्तव संपते.

४

मोह आणि व्यवहार यांच्या संघर्षाचा सर्वांत रंजक दस्तऐवज इयन फ्लेमिंगच्या जेम्स बाँड कादंबऱ्यांभोवती सापडतो. पहिल्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये (१९५३) बाँड झोपतो तेव्हा त्याचा हात उशीखाली असतो आणि त्या हातात नळी कापलेले .३८चे कोल्ट असते. दिवसा मात्र तो .२५ कॅलिबरचे चिमुकले बेरेटा पिस्तूल बाळगतो. १९५६मध्ये ग्लासगोजवळ राहणाऱ्या जेफ्री बूथरॉइड या शस्त्रतज्ज्ञ वाचकाने फ्लेमिंगला पत्र लिहून या पिस्तुलाला हरकत घेतली. ते स्त्रियांनी बाळगावयाचे पिस्तूल आहे, आणि बाँडसारख्याने स्मिथ अँड वेसन कंपनीचे ‘सेंटेनियल एअरवेट’ हे आखूड नळीचे, .३८चे, घोडा आत दडलेले रिव्हॉल्व्हर वापरावे, असे त्याचे म्हणणे होते. घोडा बाहेर नसल्याने ते कपड्यात अडकणार नाही, हा त्यामागील व्यवहार.

फ्लेमिंगने ही सूचना केवळ स्वीकारली नाही, तिचे कथेत रूपांतर केले. ‘डॉ. नो’मध्ये (१९५८) मेजर बूथरॉइड या नावाचा शस्त्राधिकारी अवतरतो, बेरेटाविषयी तोच अभिप्राय देतो, आणि बाँडला वॉल्थर पिस्तूल व ते सेंटेनियल रिव्हॉल्व्हर अशी दोन शस्त्रे मिळतात. वाचकाचे पत्र कादंबरीत पात्र होऊन यावे, ही घटना वाङ्मयाच्या इतिहासातही विरळाच. पण येथेच फ्लेमिंगची मर्यादाही दिसते. बूथरॉइडने सुचवलेले कातडी म्यान रिव्हॉल्व्हरसाठी बनविलेले होते. फ्लेमिंगने ते वॉल्थर पिस्तुलाला बहाल केले, ज्याला ते बसत नाही. नाव अचूक, वस्तू चुकीची. तज्ज्ञाकडून त्याने शब्द घेतले. त्या शब्दांमागे जी हाताची समज असते ती घेतली नाही.

किंग्स्ली एमिसने १९६५मध्ये बाँडवरील आपल्या ग्रंथात या तंत्राला ‘फ्लेमिंग परिणाम’ असे नाव दिले: असंभाव्य घटनेला खऱ्या वस्तूंच्या खऱ्या नावांचा टेकू देणे. उंबेर्तो एको यानेही साधारण त्याच सुमारास दाखवून दिले की फ्लेमिंग वाचकाच्या परिचयाच्या गोष्टींवर रेंगाळतो आणि अद्भुत गोष्टी झपाट्याने उरकतो. शस्त्राच्या बाबतीत या दोन्ही निरीक्षणांना एक पुरवणी जोडता येईल. नाव हे वस्तूच्या बाजूने साक्ष देते. पण वस्तूची गैरसोय नावात येत नाही. सेंटेनियल एअरवेट हे शब्द वाचून मनगटाला धक्का बसत नाही, कान बधिर होत नाहीत, दुसरी गोळी पहिलीहून वर गेलेली दिसत नाही. कंपनीची माहितीपत्रिका जेथे थांबते तेथेच फ्लेमिंगचा वास्तववाद थांबतो.

‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ (१९५७) या कादंबरीचे वेष्टन रिचर्ड चॉपिंग या चित्रकाराने केले. त्यावरील रिव्हॉल्व्हर बूथरॉइडनेच चित्रासाठी धाडलेले होते: आखूड नळीचे, .३८चे, आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग कापलेले. त्याच्याशी गुंतलेला एक गुलाब, पाकळीवर दवाचा थेंब. चित्र अप्रतिम आहे, आणि ते या मोहाचे पूर्ण स्वरूप दाखवते. चापाचे कडे हे चाप चुकून ओढला जाऊ नये म्हणून असते. ते कापणे म्हणजे एका क्षणाची गती मिळविण्यासाठी कायमची सुरक्षितता देऊन टाकणे. असे शस्त्र खिशात बाळगणारा स्वतःच्याच मांडीला सर्वाधिक धोका निर्माण करतो. वेष्टन पाहणाऱ्याला मात्र ते कापलेपण धोक्यासारखे वाटत नाही, ऐट वाटते. बाँडच्या साऱ्या कादंबऱ्यांचे गुपित त्या कापलेल्या कड्यात आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

५

मोह ग्रंथात राहिला असता तर त्याची चर्चा रसिकतेपुरती मर्यादित ठेवता आली असती. तसे घडलेले नाही. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो याने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर पाठीमागून, अगदी जवळून, दोन गोळ्या झाडल्या. शस्त्र होते .४४२ कॅलिबरचे ब्रिटिश बुलडॉग. ते विकत घेताना हस्तिदंती मुठीच्या रिव्हॉल्व्हरवर त्याचे मन बसले होते, कारण पुढे संग्रहालयात ते शोभून दिसेल असे त्याला वाटले. पहिली गोळी हाताला चाटून गेली, दुसरी पाठीत रुतली. ती शोधण्यासाठी डॉक्टरांनी अस्वच्छ बोटांनी आणि हत्यारांनी जखम पुनःपुन्हा चाचपली; जंतुसंसर्ग वाढत गेला, आणि १९ सप्टेंबर १८८१ रोजी गारफिल्ड यांचे निधन झाले. ते रिव्हॉल्व्हर पुढे स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातून गहाळ झाले. मारेकऱ्याने आपल्या कृत्याआधी त्याच्या प्रदर्शनाची कल्पना केली होती. म्हणजे आपल्या जीवनाची कथा त्याने आधी वस्तूभोवती रचली आणि मग ती जगली. समीक्षेने या तपशिलाकडे दुर्लक्ष करू नये.

सुमारे शतकानंतर याच नावाची वस्तू पुन्हा समोर आली. १९७३मध्ये अमेरिकेतील चार्टर आर्म्स कंपनीने ‘बुलडॉग’ हेच नाव देऊन .४४ कॅलिबरचे, तीन इंची नळीचे, पाच गोळ्यांचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत न्यू यॉर्क शहरात डेव्हिड बर्कोविट्झ याने त्याच शस्त्राने सहा जणांचे बळी घेतले. तो पकडला जाण्यापूर्वी, ‘सन ऑफ सॅम’ ही सही प्रसिद्ध होण्याच्याही अगोदर, वृत्तपत्रांनी त्याला गोळीच्या व्यासाचे नाव दिले होते: ‘.४४ कॅलिबरचा मारेकरी’. माणूस अज्ञात, पण आकडा ज्ञात. रहस्यकथेने अर्धशतकभर वाचकाला आकड्यांची जी गोडी लावली होती, तिची ही काळी बाजू.

टॉमस हॅरिसची ‘रेड ड्रॅगन’ (१९८१) ही कादंबरी या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. तिचा नायक विल ग्रॅहम याच्या हाती हॅरिसने जे शस्त्र दिले ते तेच: चार्टर आर्म्स बुलडॉग, .४४. न्यू यॉर्कच्या घटनांना तेव्हा चारच वर्षे लोटली होती, आणि अमेरिकी वाचकाला त्या नावाचा वास येणे अपरिहार्य होते. फ्लेमिंगप्रमाणे हॅरिसही तपशील देतो. परंतु त्याचे तपशील दुसऱ्या दिशेचे आहेत. शस्त्र बुटके आणि कुरूप आहे, त्याचे तोंड भीती वाटावी इतके मोठे आहे. उसळी आवरावी म्हणून नळीला तोंडाजवळ छिद्रे पाडली आहेत, घोड्याचे टोक उडवले आहे. म्हणजे प्रत्येक फेरफार ही एका अडचणीची कबुली आहे. वस्तू जशी असते तशी वापरता येत नाही, तिला माणसाळवावे लागते, हे त्या वर्णनातून वाचकाच्या लक्षात येते.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे शस्त्र ज्याच्या हातात येते तो माणूस. ग्रॅहमने पूर्वी एका मारेकऱ्याला गोळी घालून ठार केले आहे, आणि त्या कृत्यानंतर त्याचे मन इतके खचले की त्याला उपचार घ्यावे लागले. रिव्हॉल्व्हर पुन्हा हाती घेणे म्हणजे त्याच्या दृष्टीने सामर्थ्य मिळवणे नव्हे, तर जुने आजारपण पुन्हा अंगावर घेणे आहे. गुन्हेगाराच्या मनात शिरून विचार करण्याची त्याची शक्ती आणि गुन्हेगाराचे म्हणून ठाऊक झालेले त्याच्या खिशातील शस्त्र, या दोहोंत एक समांतरता आहे. हॅरिसने तिच्यावर भाष्य केले नाही, वस्तू तेवढी मांडली. डॉयलने ज्या शस्त्राला भीतीचे माप केले होते, त्याला हॅरिसने अपराधाचे माप केले. या वाङ्मयप्रकाराने शंभर वर्षांत गाठलेली ही खरी उंची होय.

चित्रपटातील एका प्रसिद्ध उदाहरणाशी तुलना केली तर हा फरक अधिक उठून दिसेल. ‘डर्टी हॅरी’मध्ये (१९७१) नायकाचे .४४ मॅग्नम लांब नळीचे आहे. ते दाखविण्यासाठीच असते आणि त्याच्या सामर्थ्याचे वर्णन नायक स्वतःच्या तोंडाने करतो. ते चेखॉव्हच्या भिंतीवरचे शस्त्र आहे. बुलडॉगला असे भाषण करता येत नाही. त्याचे सामर्थ्य लपलेले आणि त्याचा दोष उघडा. म्हणून चांगल्या लेखकाच्या हाती ते अधिक प्रामाणिक ठरते.

६

भारतीय वाचकाचा या शस्त्राशी संबंध जवळजवळ संपूर्णतः ग्रंथांतून आणि पडद्यावरून आलेला आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर बाळगता येत नाही, आणि परवान्यावर खाजगी व्यक्तीकडे असते ते प्रामुख्याने .३२ कॅलिबरचे. ज्या वाचकाने ही वस्तू कधी हातात धरलेली नाही, तिचे वजन आणि धक्का अनुभवलेला नाही, तो लेखकाच्या शब्दावर सर्वस्वी विसंबतो. त्यामुळे येथील लेखकाची जबाबदारी अमेरिकी लेखकाहून मोठी आहे.

सत्यजित राय यांनी ती ओळखली होती. १९६५पासून ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातून अवतरलेल्या त्यांच्या फेलूदाजवळ .३२चे कोल्ट रिव्हॉल्व्हर आहे. इंग्रजी हेरकथेचे इतके डोळस वाचन असलेल्या लेखकाने नायकाला मोठ्या गोळीचे शस्त्र देण्याचा मोह टाळला. कोलकात्याच्या खाजगी गुप्तहेराजवळ जे असणे शक्य आहे तेवढेच दिले. आणि त्याच्या खऱ्या शस्त्राला नाव दिले ‘मगजास्त्र’, म्हणजे मेंदूचे अस्त्र. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षीही स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो आणि शस्त्रापेक्षा माणसांच्या स्वभावावर अधिक विसंबतो. बंगाली रहस्यकथेने होम्सपासून जो वारसा घेतला तो खिशातील वजनाचा नव्हे, संयमाचा होता.

मराठीत बाबुराव अर्नाळकर आणि त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक यांनी रहस्यकथेचा प्रचंड वाचकवर्ग निर्माण केला. गंभीर समीक्षेने या लेखनाकडे दीर्घकाळ पाठ फिरवली, आणि त्यामुळे त्यातील वस्तूंचाही विचार झाला नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे दोन शब्द मराठीत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. हा भेद न करण्याने कथा अडत नाही, हे खरे. परंतु शस्त्र जर केवळ एक शब्द असेल तर त्याचा परिणामही शब्दापुरताच उरतो. ग्रंथालयांतून शिल्लक असलेल्या या कथा नव्या अभ्यासकाने या दृष्टीने वाचावयास हव्यात: त्यांतील शस्त्र कोठे भीतीचे माप होते, कोठे नुसती ऐट, आणि कोठे खरोखर किंमत मागते.

हा प्रश्न ग्रंथांपुरता उरलेला नाही. २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२चे हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये, आणि ते दागिन्याच्या डबीसारख्या पेटीतून मिळते याची वृत्तपत्रांनी आवर्जून नोंद घेतली. त्यामागील वेदना खरी होती, २०१२च्या दिल्लीतील घटनेची स्मृती ताजी होती. परंतु भयाला उत्तर म्हणून सुबक पेटीतील हलके शस्त्र पुढे करणे, ही कल्पना वाचताना गिटोच्या हस्तिदंती मुठीची आणि चॉपिंगच्या गुलाबाची आठवण येणे स्वाभाविक आहे. वस्तूचे सौंदर्य दाखविणे सोपे असते. मनगटाला बसणारा धक्का, चुकणारा नेम, आणि त्यानंतर त्या हातासह जगावे लागणारे आयुष्य, हे सांगणे कठीण असते. ते काम जाहिरात करीत नाही, कायदाही करू शकत नाही.

ते वाङ्मयाचे काम आहे. डॉयलने रिव्हॉल्व्हर न उडवता ते केले, हॅमेटने ते नायकाच्या हातातून काढून घेऊन केले, हॅरिसने ते नायकाच्या हाती देऊन आणि त्याचे ओझे त्याला वाहावयास लावून केले. फ्लेमिंगच्या शैलीचे सारे तेज मान्य करूनही त्याच्या कादंबऱ्यांतून ते झाले नाही, असेच म्हणावे लागते. रहस्यकथेची प्रत ठरविताना खून कोणी केला हे लेखकाने किती चातुर्याने लपवले, एवढेच पाहून भागणार नाही. शस्त्र चालविणाऱ्याला त्याचा धक्का बसला की नाही, हेही पाहावे लागेल.